‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘नू’ : वायक्लेफ जाँ या गायकाविषयी



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘वायक्लेफ जाँ’ असं नाव सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, वय सत्तरीच्या पुढे, आणि विषय रॅप करणारा एक हैतीयन गायक. त्यामुळे आधी कारण सांगतो, मग विषयाकडे येतो.

कारण एका सर्वनामात आहे. मराठीला ‘मी’चं अनेकवचन दोन प्रकारे करता येतं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवलो’ यांत पाहुण्याच्या पोटाचा फरक आहे. इंग्रजीला ही सोय नाही. हैतीची भाषा क्रेयोल, तिची गंमत आणखी वेगळी. तिच्यात ‘नू’ हा एकच शब्द ‘आपण’साठीही वापरतात आणि ‘तुम्ही सगळे’ यासाठीही. बोलणारा स्वतःला धरून बोलतोय की समोरच्यांना उद्देशून, हे संदर्भावरून ओळखायचं. वायक्लेफ जाँची सगळी कारकीर्द या ‘नू’च्या दोन अर्थांमध्ये उभी आहे, असं आम्हाला वाटतं. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच.

आता एक प्रसंग. २०१० च्या शरद ऋतूत आम्ही मुलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला होतो. तिकडे मराठी माणूस इतका आहे की आपण परदेशात आहोत हे आठवण करून द्यावं लागतं. एकदा न्यूयॉर्कला गेलो असताना टॅक्सी केली, तर चालक हैतीचा निघाला. आम्ही उत्साहात म्हणालो, “हैती म्हणजे वायक्लेफ जाँ!” तो हसला, मान हलवली आणि म्हणाला, “गातो चांगलं.” बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमचा आहे, म्हणून तर राग येतो.” उतरल्यावरही ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. परक्याचा राग येतो तेव्हा तो सोडून देता येतो. आपल्या माणसाचा राग मागे काहीतरी मागत असतो. तो चालक काय मागत होता, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

वायक्लेफचा जन्म १९६९ चा, हैतीतल्या क्रुआ-दे-बुके या गावचा. वडील नाझरीन पंथाच्या प्रोटेस्टंट चर्चचे पाद्री. मुलाचं नाव त्यांनी ठेवलं ते चौदाव्या शतकातल्या जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मपंडिताच्या नावावरून. हा तोच विक्लिफ, ज्याने बायबल लोकांच्या बोलीत आणण्याचा आग्रह धरला. ज्ञानेश्वरांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे नाव ऐकून बरं वाटणं साहजिक आहे, पण तुलना इथेच थांबवू.

मुलगा नऊ वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. आधी ब्रुकलिन, मग न्यू जर्सी. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये हैतीयन असणं म्हणजे काय होतं, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं संगीत कळणार नाही. मायदेशी दुव्हालिए बापलेकांची हुकूमशाही, १९५७ पासून १९८६ पर्यंत. माणसं गळक्या होड्यांतून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागत होती. १९८३ च्या सुमारास एड्सचा धोका कोणत्या गटांना आहे याची जी सरकारी यादी फिरत होती, तिच्यात हैतीयन हा अख्खा समाज एक ‘गट’ म्हणून होता. एखाद्या वर्तनाचा किंवा आजाराचा गट समजू शकतो, इथे राष्ट्रीयत्वच रोगाचं लक्षण ठरलं! पुढे १९९० मध्ये हैतीयनांचं रक्त रक्तपेढ्यांनी घेऊ नये असं धोरण आलं, तेव्हा एप्रिलमध्ये हजारो हैतीयन ब्रुकलिनचा पूल चालत ओलांडून मोर्चाने गेले आणि त्या वर्षाअखेर ते धोरण मागे घ्यावं लागलं. शाळेतली पोरं, त्यांत काळी अमेरिकन पोरंही आली, हैतीयन मुलांना ‘होडीवाले’ म्हणून चिडवायची. अनेक मुलं आपण हैतीयन आहोत हे लपवायची, जमैकाचे आहोत असं सांगायची.

‘फ्यूजी’ ही त्यातलीच एक शिवी, ‘रेफ्यूजी’चा तुकडा. वायक्लेफ, प्राझ मिशेल आणि लॉरिन हिल या तिघांनी आपल्या गटाचं नाव ठेवलं ‘द फ्यूजीज’. शिवी उचलून कपाळावर लावायची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. पण एक बारकावा पाहा. लॉरिन हिल हैतीयन नव्हती, न्यू जर्सीची काळी अमेरिकन मुलगी होती. तिनेही ‘निर्वासित’ हे नाव घेतलं. ‘आम्ही’चं ‘आपण’ झालं ते इथे.

आता ‘सोल’ या शब्दाकडे वळू. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘आत्मा’. आमचा निम्मा जन्म आत्मा आहे की नाही यावर गेला, त्यामुळे या शब्दाला आम्ही जरा सावधपणे हात लावतो. उपनिषदातला आत्मा कुणाच्या शेजारी बसत नाही, त्याला नाव-गाव-रंग नसतो. सोल संगीतातला सोल अगदी उलट आहे. तो चर्चमधून आला. रे चार्ल्स, सॅम कुक या मंडळींनी देवाला उद्देशून गायचा सूर माणसाला उद्देशून लावला, आणि साठच्या दशकात तो शब्द काळ्या अमेरिकनांच्या सामाईक जगण्याचंच नाव झाला. सोल फूड म्हणजे आपलं जेवण, सोल ब्रदर म्हणजे आपला भाऊ. तत्त्वज्ञानात आत्मा एकवचनी, संगीतात तो अनेकवचनी. तो मुळातच ‘आपण’ म्हणणारा शब्द आहे. प्रश्न असा की त्या ‘आपण’मध्ये होडीतून आलेल्या मुलाला जागा होती का?

१९९६ च्या ‘द स्कोर’ या अल्बमने दिलेलं उत्तर: जागा मागायची नाही, घर दुरुस्त करायला घ्यायचं. हा अल्बम मुख्यतः न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंज गावी, एका नातेवाइकाच्या घराच्या तळघरात तयार झाला. तो अमेरिकन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याला रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ‘किलिंग मी सॉफ्टली’ हे गाणं तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. रॉबर्टा फ्लॅकने ते १९७३ मध्ये गाजवलं होतं. फ्यूजीजच्या आवृत्तीत लॉरिन हिल गाते, आणि मागे सतारीसारखा एक आवाज वाजतो. भारतीय कान तिथे हमखास टवकारतात. तो आवाज आला कुठून? ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाच्या १९९० च्या गाण्यातून. त्यांनी तो उचलला होता शिकागोच्या ‘रोटरी कनेक्शन’ या गटाच्या साठच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणातून, जेव्हा पाश्चात्त्य संगीताला सतारीचं वेड लागलं होतं. ‘रेडी ऑर नॉट’चंही तसंच. मुखडा फिलाडेल्फियाच्या डेलफॉनिक्सचा, १९६८ चा. खालचा गुंजारव आयर्लंडच्या एन्याचा, आणि तोही आधी परवानगी न घेता वापरलेला, त्याची तडजोड मागाहून झाली.

ही उसनवारी म्हणायची का? इथे क्रुआ-दे-बुके या गावाची एक गोष्ट सांगायला हवी. ते गाव पत्र्याच्या कलेसाठी ओळखलं जातं. तेलाची रिकामी पिंपं आणायची, चिरायची, ठोकून सपाट करायची आणि छिन्नी-हातोड्याने त्यांतून माणसं, मासे, पक्षी, जलपऱ्या कापून काढायच्या. या परंपरेच्या सुरुवातीला जॉर्ज लियोतो हा लोहार होता, आधी तो कबरींवरचे लोखंडी क्रूस घडवायचा. त्या कलेचा वायक्लेफवर परिणाम झाला असा दावा आम्ही करत नाही. पण दोन्हींमागची बुद्धी एकच आहे. दुसऱ्याने वापरून टाकलेल्या वस्तूतून आपली आकृती काढायची, आणि पिंपावरचा जुना रंग कुठेकुठे दिसला तर दिसू द्यायचा.

इथवर कौतुक झालं. पण ‘द स्कोर’मध्ये हैती नेमकी कुठे आहे? नावात आहे, काही उल्लेखांत आहे, सुरात फारशी नाही. वायक्लेफ बॉब मार्लीचं ‘नो वुमन, नो क्राय’ गातो तेव्हा तो जमैकन वळणाने गातो. अमेरिकेला कॅरिबियन म्हणजे जमैका एवढंच माहीत होतं, आणि शाळेतली हैतीयन पोरं ‘आम्ही जमैकाचे’ असं सांगायचीच. हा पारपत्र बदलून केलेला प्रवास होता. आम्ही याला ढोंग म्हणणार नाही, पण त्यात एक भीती आहे आणि ती ऐकू येते.

ती भीती पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, ‘द कार्निव्हल’ या त्याच्या पहिल्या एकट्याच्या अल्बममध्ये उतरते. यात क्यूबाची सेलिया क्रूझ आहे, मार्लीच्या साथीच्या गायिका आहेत, ‘गॉन टिल नोव्हेंबर’ला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादक आहेत, बीजीजचा तुकडा आहे. जत्राच म्हणा ना! आणि शेवटी क्रेयोलमधली गाणी येतात: ‘सांग फेझी’, ‘जास्पोरा’, ‘येले’, ‘कार्निव्हल’. ज्या भाषेला खुद्द हैतीत फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळायला १९८७ ची घटना यावी लागली, ती दहा वर्षांनी अमेरिकेतल्या बड्या कंपनीच्या अल्बमवर बसली होती, भाषांतराशिवाय.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एक बाजू म्हणते, ही गाणी शेवटी का? इंग्रजी श्रोता तोवर यंत्र बंद करेल म्हणून. म्हणजे मुळं अंगणात नाहीत, परसात. दुसरी बाजू म्हणते, जत्रेत पालखी शेवटीच येते. आमचं मत दुसरीकडे झुकतं, आणि त्याला कारण ‘जास्पोरा’ हे गाणं आहे. हैतीत हा शब्द समूहाचा नाही, माणसाचा आहे. परदेशातून आलेल्याला म्हणतात, ‘तो जास्पोरा आहे’, आणि त्यात मान, हेवा आणि टोमणा हे तिन्ही असतात. आपल्याकडे गावी येणाऱ्या मुंबईकराकडे बघायची जी नजर असते, तशीच काहीशी. परदेशातले हैतीयन एकमेकांनाच मान देत नाहीत, अशी या गाण्यातली तक्रार आहे. ती अमेरिकन श्रोत्याला ऐकवायची नव्हतीच. हे घरातलं भांडण आहे आणि ते घरच्या भाषेत केलं आहे. इथे ‘नू’चे दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात: तुम्ही असे वागता, आपण असे वागतो. ज्या टीकेत टीकाकार स्वतः सापडतो ती टीका ऐकवते. आमच्या मते वायक्लेफच्या कामाचं शिखर हे आहे, त्याचं सर्वांत खपलेलं गाणं नव्हे.

आता ‘मुळं’ या शब्दाचा हिशोब करायला हवा. हैतीत ऐंशीच्या दशकात ‘रासिन’ नावाची संगीतचळवळ उभी राहिली. रासिन म्हणजे मुळं. बुकमान एक्सपेरियान्स हा तिच्यातला गाजलेला गट. व्होडू पूजेतले ढोल आणि रारा मिरवणुकीतली वाक्सिन नावाची बांबूची शिंगं घेऊन ते विद्युत गिटारबरोबर वाजवत. गटाच्या नावात १७९१ च्या गुलामांच्या उठावाचा म्होरक्या बुकमान आहे, आणि जिमी हेंड्रिक्सच्या ‘एक्सपीरियन्स’चीही आठवण आहे. पण यातली कित्येक मंडळी शहरी होती. ती ढोलांच्या अंगणात जन्मली नव्हती, तिथे चालत गेली. वायक्लेफ तर पाद्र्याचा मुलगा. त्याच्या घरच्या धर्माला व्होडू वर्ज्य. त्याला वारशाने मिळालं होतं ते चर्चचं स्तोत्र आणि तिथली वाद्यं. म्हणजे गंमत अशी, की सोलचं उगमस्थान जे चर्च, ते त्याच्या घरात होतं. आणि ज्यांना आपण त्याची ‘हैतीयन मुळं’ म्हणतो, ती त्याला मोठेपणी मिळवावी लागली.

मग ती मुळं खोटी का? मार्टिनिकचा विचारवंत एदुआर ग्लिसाँ म्हणत असे की एकाच खोल मुळाची कल्पना आसपासचं मारून टाकते, त्यापेक्षा आडवी पसरत भेटत जाणारी मुळं बरी. आपल्याला तेवढं लांब जायला नको. वड पाहा. बियाण्यातून निघालेलं मूळ पहिलं हे खरं, पण म्हाताऱ्या वडाला उभं धरतात पारंब्या. त्या फांदीतून निघतात, हवेत लोंबकळत खाली येतात आणि जमीन सापडली की खोड होतात. पारंबीला खोटं मूळ कुणी म्हणत नाही. अट एकच: ती जमिनीपर्यंत पोचली पाहिजे.

वायक्लेफचं मूल्यमापन याच अटीवर व्हायला हवं. काही पारंब्या पोचल्या. २००० च्या अल्बममधलं ‘डियालो’ ऐका. न्यूयॉर्कमध्ये १९९९ मध्ये आमाडू डियालो या गिनीहून आलेल्या निःशस्त्र तरुणावर पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. सेनेगलच्या युसू न्दूरला बरोबर घेऊन वायक्लेफने त्याच्यावर गाणं केलं. मेलेला माणूस हैतीयन नव्हता, पण दारात उभा असलेला स्थलांतरित होता. तिथे ‘आपण’ खरा आहे. २००४ मध्ये ‘वेलकम टू हैती: क्रेयोल १०१’ हा मुख्यतः क्रेयोलमधला अल्बम त्याने काढला, बाजाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार होता.

काही पारंब्या मात्र हवेतच राहिल्या. सान्तानासाठी केलेलं ‘मारिया मारिया’ अमेरिकन यादीत दहा आठवडे पहिलं होतं. शकिराबरोबरचं २००६ चं ‘हिप्स डोन्ट लाय’ जगभर वाजलं. दोन्हींत तो निर्वासितांचा पुकारा करतो, दुसऱ्या गाण्यात तर निर्वासितांच्या होड्याही येतात. कुणी म्हणेल, नाचगाण्यातून होडीची आठवण दिली, हे थोडं का आहे? आमचा आक्षेप वेगळा आहे. ‘जास्पोरा’मध्ये ‘निर्वासित’ ही स्थिती होती, इथे तो छाप झाला. डब्यावरचं नाव तेच, आतला माल बदलला. शब्द शंभरदा पुकारला की तो कुणालाच उद्देशून राहत नाही.

आणि मग १२ जानेवारी २०१० चा भूकंप झाला. वायक्लेफची ‘येले हैती’ ही मदतसंस्था आधीपासून होती, नाव त्याच्याच गाण्याचं. जगभरातून तिच्याकडे पैसा आला, आणि लगोलग तिच्या हिशोबांवर प्रश्नही आले. चुका झाल्या हे त्याने कबूल केलं, स्वतःचा फायदा केल्याचा आरोप नाकारला. २०१२ मध्ये संस्था बंद पडली. त्या मधल्या काळात, ऑगस्ट २०१० मध्ये, तो हैतीच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला. घटनेत सलग पाच वर्षं देशात राहण्याची अट आहे. आपण देशाचे फिरते राजदूत असल्याने ही अट आपल्याला लागू नाही, असं त्याचं म्हणणं. निवडणूक मंडळाने अर्ज नाकारला. पुढच्या वर्षी अध्यक्ष झाला तोही गायकच, मिशेल मार्टेली, आणि वायक्लेफ त्याच्या पाठीशी होता.

इथे एक जुना संदर्भ कामाला येतो. हैतीत तेव्हा नऊ प्रांत होते. १९९१ च्या सुमारास अध्यक्ष आरिस्तीद यांनी परदेशातल्या हैतीयनांना ‘दहावा प्रांत’ म्हटलं. सुंदर कल्पना! पण त्या प्रांताला जमीन नव्हती. २००३ मध्ये नीप हा खराखुरा दहावा प्रांत झाला, तेव्हा जास्पोराला सरकून अकराव्या जागी जावं लागलं. वायक्लेफची चूक कायद्याच्या वाचनातली नव्हती, वर्गवारीतली होती. गाण्यातला ‘नू’ आणि मतपत्रिकेवरचा ‘नू’ एकच आहे असं त्याने मानलं. गाणं अनुपस्थित माणसाला हजर करू शकतं, ती त्याची जादूच आहे. राज्यकारभाराला मात्र हजेरी लागते. आणि मदतकार्यात तर ‘आपण’ हा शब्द पावतीवर लिहून द्यावा लागतो.

टॅक्सीचालकाचा राग आता आम्हाला थोडा उलगडतो. आम्ही बसलो तेव्हा अर्ज नाकारल्याला काही महिनेच झाले होते. भूकंपात त्याचं कोण गेलं, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही, आणि ते आजही खुपतं. आम्ही नाव घेतलं एका प्रसिद्ध गायकाचं, जणू देश म्हणजे तेवढंच. ‘आमचा आहे’ असं त्याने म्हटलं. इंग्रजीत बोलला तरी त्यातला ‘आम्ही’ आम्हाला ऐकू आला: तुम्ही बाहेरचे, तुम्ही टाळ्या वाजवा, हिशोब आम्ही मागू. तो बरोबर होता.

मग रसिकाने करायचं काय? कलावंताच्या व्यवहारातल्या चुकांसाठी त्याचं गाणं फेकून द्यायचं नाही, आणि गाण्यासाठी चुका माफही करायच्या नाहीत. गाण्यातच पाहायचं, कुठे तो स्वतःला धरून बोलतोय आणि कुठे फक्त समोरच्यांना. ‘द कार्निव्हल’ची सगळी कल्पनाच मुळी एका खटल्याची आहे. अल्बमभर कोर्टातले प्रवेश येतात, आरोपीच्या पिंजऱ्यात खुद्द वायक्लेफ. १९९७ मध्ये ती गंमत होती. २०१० नंतर तीच ऐकताना हसू येत नाही. पण हे लक्षात ठेवायला हवं की स्वतःला पिंजऱ्यात उभं करायची कल्पना त्याची स्वतःचीच होती.

घरी जाऊन ऐकणार असाल तर आमची एक विनंती. ‘द कार्निव्हल’ शेवटून सुरू करा. आधी क्रेयोलमधली चार गाणी. शब्द कळणार नाहीत, बिघडत नाही. ‘नू’ हा उच्चार तेवढा कानाने धरून ठेवा, आणि प्रत्येक वेळी विचारा, यात आपण धरलेले आहोत का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं दारात उभं राहून आदराने ऐकणं, हेही ऐकणंच आहे. आम्हाला टॅक्सीत ते जमलं नव्हतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.